हसाजी : एका नावाची कुळकथा

वर्धा जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत पस्तीस वर्षे हजेरी घेतलेल्या माणसाच्या कानाला एक खोड जडते. नाव ऐकताच त्याचे गाव, घर आणि पुष्कळदा जातही तो मनाशी ठरवून मोकळा होतो. माझी ही खोड एका नावाने मोडली. ते नाव म्हणजे समाजी हसाजी दिवेकर. पुस्तकात ते प्रथम वाचले तेव्हा हा कोणी कोकणातला मराठा सरदार असावा, असे मी धरून चाललो. तानाजी, येसाजी, तसाच हा हसाजी. पुढची ओळ वाचतो तो काय, हे गृहस्थ यहुदी, आणि मुंबईतील पहिले सिनेगॉग 1796 साली बांधविणारे!

समाजी म्हणजे शमुवेल, हे एक वेळ सुचेल. परंतु हसाजी म्हणजे यहेज्केल, हे कोणी सांगितल्यावाचून ध्यानात यावयाचे नाही. हिब्रू भाषेत ‘हाझक’ म्हणजे बळकट असणे, आणि ‘एल’ म्हणजे देव. देव बळ देवो, असा ह्या नावाचा अर्थ. यरुशलेमच्या राजा हिज्कीयाच्या नावातही हाच धातू आहे. बायबलात मात्र यहेज्केल नावाची माणसे दोनच आढळतात: एक याजकांच्या एका वर्गाचा प्रमुख, आणि दुसरा तो विख्यात संदेष्टा. इसवी सनापूर्वी 597 साली यरुशलेमहून ज्यांना बाबेलच्या मुलखात धरून नेले त्यांपैकी तो एक. वाळलेल्या हाडांनी भरलेले खोरे पुन्हा सजीव होताना त्याने दृष्टांतात पाहिले. देशोधडीला लागलेल्या लोकांत जो बोलावयास उभा राहिला, त्याचेच नाव ‘देव बळ देवो’ असे असावे, ह्याचे मला नवल वाटते.

अरबीत हे नाव हिज्कील झाले आणि बगदादच्या यहुद्यांत हस्केल. तेथून आमचा हसाजी फार दूर नाही. आरंभीचा ‘य’ गळाला, शेवटचा ‘एल’ गळाला, आणि त्या जागी मराठीचा आदरार्थी ‘जी’ येऊन बसला. म्हणजे नावातला देव गेला आणि मान आला, असे कोणी म्हणेल! ह्याच रीतीने अब्राहामचा आबाजी झाला आणि इसहाकचा इसाजी. येथे एक गंमत सांगतो. हसाजी ऐकून मराठी माणसाला हसणे आठवते. पण हिब्रूत ‘तो हसेल’ असा अर्थ आहे तो इसहाक ह्या नावाचा. समाजीच्या भावाचे नाव होते इसाजी हसाजी. तेव्हा खरा हसरा इसाजी. हसाजी तो बळकट.

हे लोक स्वतःस बेने इस्राएल म्हणवितात. अलिबागेजवळ नवगाव येथे गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कुलाब्याच्या खेड्यांत ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. दिवे गावचा तो दिवेकर, किहीमचा तो किहीमकर, आमच्याकडे पुलगावकर म्हणावे तसे. त्यांच्या जुन्या नावांत यहूदा आढळत नाही, ह्यावरून हे इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांपैकी असावेत असा तर्क काही विद्वानांनी केला. मला तो पटत नाही. ती दहा कुळे पांगल्यावर शतकाहून अधिक काळाने झालेल्या संदेष्ट्याचे नाव हे लोक मुलांना ठेवीतच होते. एका नावाच्या अभावावर एवढी इमारत उभी करू नये.

समाजी इंग्रजांच्या पलटणीत अंमलदार होता. म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा त्याने नवस केला, अशी आख्यायिका आहे. सुटून आल्यावर मुंबईत त्याने ते बांधिले आणि त्याचे नाव ‘दयेचे द्वार’ असे ठेविले. पुढे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणावयास तो कोचीनला गेला व 1797 साली तेथेच वारला. त्या मंदिरात धर्मकार्यासाठी त्याला पुकारले असेल ते शमुएल बेन यहेज्केल, म्हणजे यहेज्केलाचा पुत्र शमुएल, असे. पलटणीच्या हजेरीत समाजी हसाजी. दोन्हीकडे मुलाचे नाव आधी, बापाचे मागून. माझ्या हजेरीपटावरील प्रत्येक पोराचे नाव मी असेच वाचीत आलो.

एकोणिसाव्या शतकात कोचीनचे धर्मशिक्षक, मिशनऱ्यांच्या शाळा आणि मराठीत छापलेले बायबल ह्यांच्या योगाने बायबलातील रूपे परत आली. नातू एझिकेल झाला, आजोबा हसाजीच राहिला. पुढे 1948 नंतर पुष्कळ कुटुंबे इस्राएल देशी गेली. तेथे 1962 साली मुख्य धर्मपीठाने त्यांचे इतर यहुद्यांशी लग्न लावण्यापूर्वी वंशाची चौकशी करण्याचा दंडक घातला. ज्यांच्या वाडवडिलांनी कोकणात शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांना तुमची आजी कोण, पणजी कोण, असे विचारले जाऊ लागले! त्यांनी निदर्शने केली, धरणे धरले. तेव्हा 1964 साली तेथील संसदेने त्यांना सर्व बाबतींत यहुदी मानावे असे जाहीर केले. कोकणातल्या शेजाऱ्यांनी हा दाखला कधी मागितला नव्हता.

मुंबईच्या मांडवी भागात ते मंदिर आहे. 1860 साली ते हल्लीच्या जागी आले. लोक त्याला जुनी मशीद म्हणतात. रस्त्याचे नाव सॅम्युएल स्ट्रीट पडले. समाजीचा सॅम्युएल झाला, आणि बापाचे नाव पाटीवर आलेच नाही.