घाट : उतरण्याचा आणि चढण्याचा

पवनीत वाढलेल्या माणसास 'घाट' हा शब्द प्रथम पाण्याच्या अंगाने भेटतो. वैनगंगेच्या काठी दगडी पायऱ्या आहेत. त्या उतरावयाच्या, स्नान करावयाचे, ओल्या पावलांनी परत चढावयाचे, एवढाच त्या शब्दाचा आमच्यापुरता आशय होता. डोंगरातून वळसे घेत जाणाऱ्या रस्त्यासही घाटच म्हणतात, हे आम्हांस शाळेत भूगोलाच्या पुस्तकाने सांगितले आणि ते पटण्यास पुढे बरीच वर्षे लागली. आमचा मुलूख धानाचा व तलावांचा. येथे रस्ता वळतो तो बांधासाठी वा बोडीसाठी, चढणीसाठी नव्हे.

अशा गावातूनही आता माणसे बर्फ पाहावयास जातात. नागपुरास विमान धरून श्रीनगर, तेथून तंगमार्ग, तंगमार्गापासून चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीने गुलमर्ग. परत आल्यावर बर्फाची हकिकत दोन वाक्यांत संपते. लाकडी पट्ट्या पायास बांधून घसरण्याचा प्रयोग एकदा पडण्यापुरताच झालेला असतो. उरते ती वाटेची हकिकत. ती सांगताना दोन विशेषणे हटकून जोडीने येतात. रस्ता फार सुंदर होता, आणि रस्ता संपता संपत नव्हता. एकाच वाटेविषयी एकाच तोंडून ही दोन्ही विधाने येतात आणि सांगणाऱ्यास वा ऐकणाऱ्यास त्यात विसंगती जाणवत नाही. ही जोडी मुळात जमली कशी, हा प्रश्न आम्हांस काही दिवस छळत होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी काश्मीरपर्यंत जाण्याची गरज नाही. आमच्या बाजूच्या लोकांचा थंड हवेचा डोंगर म्हणजे पचमढी, आणि तिकडे जाणाऱ्या वाटेचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

आधी थोडे मागे जाऊ. पवनी हे जुन्या वाटांवरचे गाव. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले आणि मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्यावर दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लेख आहेत. पाच फणांचा मुचलिंद नाग कोरलेला प्रसिद्ध स्तंभही तेथलाच. स्तूप उभा राहतो तेथे जाणारीयेणारी माणसे असतात. पण ती ज्या वाटेने आली ती वाट कशी दिसत होती, हे दगडावर नाही. दान दिले, नाव कोरले, एवढेच.

तेराव्या शतकातील महानुभाव वाङ्मयाकडे वळलो तरी चित्र फारसे बदलत नाही. चक्रधरस्वामी अखंड चालत राहिले. त्यांचे अनुयायी नीळभट्ट भांडारेकार हे तर नावानेच आमच्या जिल्ह्याची आठवण देणारे. 'लीळाचरित्रा'त गावे आहेत, देवळे आहेत, झाडाखालचे आसन आहे. 'स्थानपोथी' तर केवळ स्थानांसाठीच सिद्ध झालेला ग्रंथ. तरीही त्या स्थानाचे महत्त्व तेथून काय दिसते यावर नाही, तेथे काय घडले यावर ठरते. मधली वाट पुष्कळदा एका क्रियापदात आटोपते. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना यात निसर्गवर्णनाचा अभाव दिसतो आणि ते तो उत्तरपत्रिकेत उणीव म्हणून नोंदवितात. आम्हांस ही नोंद घाईची वाटते. जो पायी चालतो त्याच्या दृष्टीने वाट ही पाहण्याची वस्तू नसते. पुढचा दगड, पुढचे पाणी, पुढची सावली, अशी ती तुकड्यातुकड्याने येते. ती 'देखावा' होण्यासाठी चालणाऱ्याने चालणे थांबवावे लागते, आणि त्याचे चालणे दुसऱ्या कोणी अंगावर घ्यावे लागते.

पचमढीच्या वाटेवर हे कधी घडले, ते बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला. पुढच्या वर्षी कॅप्टन जेम्स फोर्साइथ हा अधिकारी त्या पठारावर चढला आणि चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत तेथे 'बायसन लॉज' ही वास्तू उभी राहिली. ती आजही आहे. फोर्साइथचा मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ साली निघाला आणि त्याच साली तो वारला. तेव्हापासून पचमढीचा 'शोध' फोर्साइथने लावला, हे वाक्य प्रवासपुस्तिकांतून आजतागायत चालत आले आहे.

या वाक्याचे खंडन करण्यास फोर्साइथचाच ग्रंथ पुरेसा आहे. पठार कोरकू ठाकुराच्या ताब्यात होते, हे तो लिहितो. महादेवाच्या गुहेकडे दरवर्षी हजारोंच्या संख्येने लोटणाऱ्या यात्रेचे वर्णन करतो. त्या गर्दीत शिरलेल्या पटकीविषयी लिहितो. म्हणजे ज्याचा शोध लागावयाचा होता तेथे माणसे जातही होती आणि मरतही होती. ही माणसे कोठली? नर्मदेच्या खोऱ्यातली होती तशीच सातपुड्याच्या दक्षिणेची, नागपूर-वऱ्हाडाकडची. महाशिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढावयाचा, श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीस जावयाचे, हा क्रम विदर्भातल्या गावोगावच्या घरांत अजून टिकून आहे. चौरागडावर साचलेल्या त्रिशुळांचा ढीग ज्याने पाहिला आहे, त्यास ती वाट किती पायांनी घडविली हे निराळे सांगावे लागत नाही. महादेवाची गाणी म्हणत जाणाऱ्या या मंडळींनी डोंगरास नावे दिली, गुहांस कथा दिल्या, भस्मासुरापासून लपलेला शंकर जटाशंकरात बसविला. त्यांनी जे केले नाही ते एकच. कड्यावर उभे राहून खालच्या दरीस 'पॉइंट' म्हटले नाही.

पॉइंट हा शब्द येतो तो रस्त्याबरोबर. फोर्साइथ ज्या कड्यावर उभा राहिला असे सांगतात, त्यास फोर्साइथ पॉइंट म्हणू लागले. आता तो प्रियदर्शिनी आहे. नाव बदलले तरी कल्पना तीच राहिली : येथे गाडी थांबवा, येथून पाहा, फिरून बसा. इकडे मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८७० साली जबलपुरास पोहोचला आणि पिपरिया हे पचमढीचे स्थानक झाले. तेथून वर बत्तीस मैलांचा पक्का रस्ता. गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम, छावणी, आणि हळूहळू मध्य प्रांताच्या सरकारची उन्हाळी राजधानी, अशी त्या पठाराची बढती होत गेली.

नागपुराहून तिकडे जाणाऱ्यास रेल्वेने काय दिले, हे नकाशा समोर ठेवून पाहावे. नागपूर-इटारसी लोहमार्ग १९२० च्या दशकात पुरा झाला. त्याआधी काही दशके नागपूरच्या माणसास, पचमढी आपल्या उत्तरेस असूनही, आधी पश्चिमेस भुसावळापर्यंत जावे लागे, मग खांडव्यावरून इटारसी, मग पिपरिया, आणि मग तो बत्तीस मैलांचा चढ. सरळ वाट छिंदवाड्यावरून होतीच, पण ती बैलांची व पायांची वाट. साहेब जेव्हा उन्हाळ्यात हलतो तेव्हा त्याच्याबरोबर दप्तर हलते, दप्तराबरोबर कारकून हलतो. देखाव्याचे वर्णन साहेबाने लिहिले. त्या मराठी कारकुनाने काही लिहिले असेल तर ते पत्रातून घरी गेले आणि चुलीत गेले. त्याच्या बाजूने या रस्त्याची कल्पना करावयाची झाल्यास आम्हांस सौंदर्यापेक्षा फायलींचे गठ्ठे प्रथम दिसतात.

कंटाळ्याचा जन्म आम्ही येथे मानतो. पायी जाणाऱ्यास थकवा येतो, भीती वाटते, पाय फुटतात. पण त्याला कंटाळा आल्याचे फारसे कोठे आढळत नाही. कारण त्याचे चालणे हाच नवस असतो. डोंगर हा नवसाचा शेवट, वाट हे त्याचे शरीर. डोलीत, टांग्यात, मोटारीत बसलेल्या माणसाजवळ करण्यासारखे काही उरत नाही. मग तो खिडकीतून पाहतो. पाहण्यास मिळाले की रस्ता रमणीय, आणि पाहून कंटाळला की रस्ता लांबलचक. दोन्ही विशेषणे एकाच बैठकीवरची आहेत.

यावर कोणी म्हणेल की तुम्ही पायी यात्रेचे गोडवे गाता आहात. तसे मुळीच नाही. पटकीने वाटेवर पडलेल्या माणसांची कल्पना ज्यास करता येते त्यास ते गाता येणार नाहीत. पक्का रस्ता झाला, दवाखाना आला, पाण्याची व्यवस्था आली, हे चांगलेच झाले. आमची तक्रार एवढीच की, रस्त्याच्या इतिहासात बसलेल्यांची नोंद राहते आणि रस्ता फोडणाऱ्यांची राहत नाही. ही गोष्ट केवळ सातपुड्याची नव्हे. महाबळेश्वरास १८३४ पासून १८६४ पर्यंत चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता. त्या कैद्यांनी तेथे बटाटे व विलायती भाज्या पिकविल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. महाबळेश्वरची भाजी आजही प्रसिद्ध आहे. ती पहिल्यांदा कोणाच्या हातची होती, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पचमढी मध्य प्रदेशात राहिली. नागपूर ज्याची राजधानी होते त्या प्रांताचा डोंगर एका रात्रीत परराज्यात गेला. विदर्भाकडे चिखलदरा उरला आणि शाळांच्या सहली तिकडे वळल्या. यात्रेने मात्र ही सीमा मानली नाही. श्रावणात नागपुराहून पचमढीकडे एस.टी.च्या जादा गाड्या सुटतात. राज्याची हद्द वाहकाच्या तिकिटावर कळते, प्रवाशांच्या बोलण्यात नाही. सावनेर ओलांडल्यावर सौंसरपर्यंत मराठीच चालते, आणि त्याच्या पुढेही काही काळ हिंदी व मराठी एकमेकींचे हात धरून चालतात.

गेल्या काही वर्षांत आम्ही त्या वाटेने दोनदा गेलो. पहिल्यांदा भाड्याच्या जीपगाडीतून, शिक्षक मित्रांसह, मे महिन्यात. सिल्लेवानी घाटात गाडीतल्या दोघांस मळमळले. तामियापाशी दरी दिसली तेव्हा सर्वांनी 'वा' म्हटले, आणि पुढच्या तासाभरात कोणीही खिडकीकडे पाहिले नाही. मटकुलीनंतर देनवा नदीचा उतार आणि मग शेवटची चढण. तोवर एकाने घड्याळ पाहण्याचेही सोडून दिले होते. हिंदीच्या एका शिक्षकाने भवानीप्रसाद मिश्रांची सातपुड्यावरची कविता म्हणण्यास सुरुवात केली आणि ती अर्ध्यात विसरली. आम्हीही सुंदर आणि कंटाळवाणा हे दोन्ही शब्द त्या दिवशी वापरले, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्यांदा श्रावणात, यात्रेच्या गाडीने. तीच वळणे, पाऊस अधिक, आसने अरुंद. शेजारी पवनी तालुक्यातल्या एका खेड्यातील वृद्ध बाई होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आम्ही त्यांस विचारले, आजी, वाट फार लांब नाही का वाटत? त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. त्यांचा हिशेब निराळा होता. त्यांच्या सासूने ही यात्रा बंडीने व पायी केली होती, त्यांनी स्वतः पहिल्या खेपेस काही टप्पा पायी केला होता, आणि आता गाडी थेट वरपर्यंत जात असल्याने त्यांना थोडे चुकल्यासारखे होत होते. खरी यात्रा पद्मशेषच्या गुहेकडे पायी निघाल्यावर सुरू होईल, त्याआधीचे सर्व म्हणजे नुसते बसणे, असे त्यांचे म्हणणे. त्या झोपल्या. तामियाची दरी आली आणि गेली.

नागद्वारीची वाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते आणि वर्षातून या काही दिवसांपुरतीच उघडते. चिखल, निसरडे दगड, ओढे, अरुंद कडे. आम्ही तेथे काय पाहिले, असे कोणी विचारले तर पुढच्या माणसाच्या टाचा, असे उत्तर द्यावे लागेल. धुके हटल्यावर एकदा समोर डोंगरांची रांग उघडी झाली. पण थांबून पाहण्यास जागा नव्हती, मागून लोक येत होते. गुहेत नागाच्या मूर्तीपुढे उभे असता आम्हांस घरच्या जगन्नाथ टेकडीवरील पाच फणांचा मुचलिंद आठवला. दोहोंचा काही ऐतिहासिक संबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. अभ्यासकाने असे दुवे जोडण्याचा मोह आवरावा. आठवला, एवढेच.

गुलमर्गविषयी एक गोष्ट राहिली. तेथे घसरण्याचा क्लब १९२७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी काढला. त्यांच्या काळी वरची वाट तट्टांची होती. १९९८ व २००५ साली दोन टप्प्यांत आकाशपाळणा झाला, तेव्हापासून चढण्याचाही प्रश्न उरला नाही. पण खालच्या मैदानावर लाकडी घसरगाड्या अजून आहेत. तीत पर्यटकाने बसावयाचे आणि स्थानिक माणसाने दोरी ओढत बर्फातून चालावयाचे. आमच्या परिचितांनी आणलेल्या छायाचित्रांत असे एक छायाचित्र आहे. मागे पांढरे डोंगर, मध्ये घसरगाडीवर हसणारे दांपत्य. दोरी चौकटीच्या डाव्या कडेस जाऊन संपते. ओढणाऱ्याचा फक्त एक बूट आत आला आहे.

आम्ही त्यांस विचारले, हा चढ किती वेळाचा होता? ते म्हणाले, फार नाही, पण थंडीत बसून बसून कंटाळा आला.