कोशाचे सूत आणि आमच्या सुया

विणकाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक कोष्ट्याचा माग आणि दुसरी लोकर नि दोन सुया. पहिले पोटाचे काम, दुसरे दुपारच्या फावल्या वेळाचे, अशी आपली समजूत. पण या दोहोंच्या आधी एक तिसरे काम असते, ते सूत काढण्याचे. आपल्या भागात ते पिढ्यान् पिढ्या बायकांनीच केले, आणि त्यांचे नाव मात्र कुठल्याच पदराला लागले नाही. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा याच सुताविषयी लिहावे असे मनात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यामुळे पुढे जे मांडते आहे ते थोडे वाचलेले, थोडे सासूबाईंकडून ऐकलेले आणि थोडे स्वतः करून पाहिलेले आहे.

सुयांवरचे विणकाम आपल्याकडे फार जुने नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायांनी मुलींच्या शाळा काढल्या, त्यांतून ते शहरांत आले आणि शिक्षिकांच्या हातून हळूहळू आपल्यासारख्या गावांत उतरले. सुलट टाका, उलट टाका ही नावे मराठी खरी, पण कृती बाहेरची. लोकरही बाहेरचीच. नागपूरच्या छोट्या गाडीने गुंडे यायचे. (ती गाडी 2019 साली रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली.) 1962 साली चीनचे आक्रमण झाले, तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. सासूबाई त्या वेळी शाळेत होत्या. मफलर विणताना टाके निसटले की बाई पुन्हा सगळे उसवायला लावीत, हे त्या अजून हसत हसत सांगतात. पुढे कॅशमिलॉनचे भडक गुंडे आले, मग तयार स्वेटर आले. गोठणगावच्या वसाहतीतले तिबेटी लोक थंडीत विकायला घेऊन येत ते स्वेटर आपण सर्वांनीच घेतले आहेत. विणण्यापेक्षा विकत घेणे स्वस्त पडू लागले आणि सुया पेटीच्या तळाशी गेल्या. माझ्याही गेल्या.

आता गंमत पाहा. ज्या काळात आपण लोकरीसाठी नागपूरच्या गाडीची वाट पाहत होतो, त्याच काळात आपल्या रानात ऐनाच्या झाडावर सूत लटकत होते. नागभीड, आरमोरी, सावली हा सारा मुलूख कोशाचा. 1982 साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तर हे सगळे एकाच जिल्ह्यात होते. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर किडा वाढतो, चार वेळा कात टाकतो आणि शेवटी स्वतःभोवती कोष करून देठाने फांदीला टांगून घेतो. पावसाळ्यात एक पीक, दिवाळीनंतर दुसरे. हे पाळण्याचे काम ढिवर लोकांचे. दिवसभर गोफण घेऊन पाखरे हाकायची, मुंग्यांवर नजर ठेवायची. जुनी माणसे सांगतात की या दिवसांत ते व्रतासारखे कडक नेम पाळीत आणि बायकांना किड्यांच्या झाडांजवळ जाऊ देत नसत. आता त्यात वाघाची भर पडली आहे. घोडाझरीचे अभयारण्य 2018 साली जाहीर झाले, पण वाघ काही सीमेची पाटी वाचत नाही. झाडाखाली दिवस काढणाऱ्या माणसाचा जीव टांगणीलाच असतो.

झाडापाशी बाई चालत नसे, पण कोष घरी आला की पुढचे सारे तिचेच. राखेच्या नाही तर सोड्याच्या पाण्यात कोष उकळायचे, सात-आठ कोशांची टोके एकत्र धरायची आणि मांडी उघडी टाकून तिच्यावर तळहाताने पीळ देत धागा ओढायचा. तासन् तास. मांडीची कातडी सोलवटते, कंबर धरते. त्या धाग्यावर कोष्टी तीन धोटे चालवून करवतकाठी विणतो. तेच वस्त्र पूजेला सोवळे म्हणून चालते. धागा कुणाच्या मांडीवर पिळला गेला हे मात्र सोवळ्यात कुणी विचारीत नाही! असो.

सूत काढणारीला काय मिळावे, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. अखिल भारत चरखा संघ 1925 साली निघाला आणि मूलच्या पुढे सावलीला खादीचे मोठे काम उभे राहिले. 1935 साली गांधीजींनी असा आग्रह धरला की आठ तास कातणाऱ्या बाईला आठ आणे मिळावेत. तेवढे एकदम साधले नाही, पण तिला पोटापुरती मजुरी दिलीच पाहिजे हे चरखा संघाने ठरावाने मान्य केले, मग खादी महाग झाली तरी चालेल. त्यानंतर काही महिन्यांनी, 1936 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, गांधी सेवा संघाची बैठक सावलीलाच भरली आणि गांधीजी तेथे राहिले. आपण शाळेत दांडीयात्रा शिकलो, पण आपल्याच जिल्ह्यातल्या सावलीचे नाव धड्यात कधी आले नाही.

मी पुन्हा सुया काढल्या त्या कोशासाठी. पतंग भोक पाडून उडून गेला की कोशाचा धागा तुटतो, सलग निघत नाही. असे फुटके कोष मऊ करून कापसासारखे ओढून त्यांचे जाडसर सूत काढतात. आरमोरीकडच्या एका बाईंकडे मी ते मागितले, तर त्या म्हणाल्या, "काहाले पायजे बाई तुमाले हा फुटका कोसा?" मी सुयांवर विणणार म्हटल्यावर त्या पोटभर हसल्या. पण सूत दिले त्यांनी.

हे सूत लोकरीसारखे वागत नाही, हे आधीच सांगते. त्याला ताण नाही. स्वेटरची लवचीक पट्टी त्यावर बसत नाही, दोन धुण्यांत सैल पडते. लोखंडी सुईवरून टाके घसरतात, म्हणून मी बुरडाकडून बांबूच्या सुया करून घेतल्या आणि काचकागदाने घासल्या. सूत तिपदरी घेतले. भिजले की त्याला रानाचा उग्र वास येतो, वाळल्यावर जातो. पण रंग! न रंगवता मधासारखा, आणि एका गुंड्यात चार छटा. शाल, टोपरे, बटवा यांना हे सूत फार शोभते. कुरमारांच्या मेंढ्यांची लोकरही मी आणून पाहिली. ती घोंगडीलाच बरी, अंगाला टोचते. तिची आसने मात्र छान होतात.

आता वादाचा मुद्दा. 2019 पासून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचे यंत्र बायांना द्यायला सुरुवात केली आहे, मांडीवरचे काम कायमचे बंद व्हावे म्हणून. काही शौकीन मंडळी हळहळतात की हातच्या धाग्याची मजा गेली. मला ही हळहळ पटत नाही. मजा आपली आणि मांडी तिची! धागा यंत्रावर काढलेला असो, मला तो चालेल. फुटक्या कोशाचे सूतही चरख्यावर नीट निघते.

भावाचे मात्र आपल्या मंडळात एकमत नाही. कित्येक जणींचे म्हणणे, कॅशमिलॉनचा गुंडा इतका स्वस्त असताना एवढे पैसे का मोजायचे? खरे आहे, आपणही काटकसरीने घर चालवणाऱ्या बायका. मी त्या बाईंना वजनाचा भाव न विचारता विचारले, एवढे सूत काढायला किती दिवस लागले? त्यांनी बोटांवर मोजून सांगितले, रोवणीला जी रोजी मिळते त्या हिशेबाने मी पैसे दिले आणि तेवढ्या रकमेत झेपेल तेवढेच सूत आणले. माझी शाल त्यामुळे लहान झाली, खांद्यांपुरतीच आहे.

या संक्रांतीच्या वाणासाठी आम्ही पाच जणींनी कोशाचे छोटे बटवे विणायला घेतले आहेत. सूत निम्म्यांनाच पुरेल. दुसरे पीक कार्तिक-मार्गशीर्षात उतरते, तेव्हा आरमोरीला जायचे आहे. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी सासूबाईंकडे नाव सांगून ठेवावे, गाडीतली जागा त्याच ठरवणार आहेत.