कैसराची प्रतिमा

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील कैसर औगुस्ताचे नाव आपण दर नाताळात वाचतो. वस्तुतः ‘औगुस्त’ हे त्याचे जन्मनाम नव्हे. ‘पूज्य’ अशा अर्थाची ही पदवी रोमच्या सिनेटने त्याला इ. स. पूर्व 27 मध्ये अर्पण केली. रोमन लोकांना ‘राजा’ या शब्दाचा तिटकारा होता. राजपदाच्या हव्यासाच्या संशयावरूनच इ. स. पूर्व 44 मध्ये यूलियस कैसराचा वध झाला होता. त्याचा दत्तकपुत्र हा धडा विसरला नाही. सैन्य त्याने आपल्या हाती ठेवले, राजमुकुट मात्र नाकारला आणि सत्तेचे उग्र रूप प्रतिमेने झाकले.

यूलियसाची गणना देवांत होताच तो स्वतःस ‘देवपुत्र’ म्हणवू लागला. हे बिरुद नाण्यांवर कोरले गेले आणि सैनिकाच्या वेतनातून व बाजारातून निरक्षरांच्याही हाती पोहोचले. तो पंचाहत्तर वर्षे जगला, परंतु त्याच्या पुतळ्यांवरील मुद्रा अखेरपर्यंत तरुणच राहिली. आपल्या कार्याचा जो वृत्तांत त्याने लिहून ठेवला, त्यात 82 मंदिरांच्या जीर्णोद्धाराचा अभिमानाने उल्लेख आहे. यादवी युद्धातील प्रतिपक्ष्यांची मात्र नावेही नाहीत.

तथापि राजाज्ञेपेक्षा प्रजेची वाणी अधिक परिणामकारक ठरली. इ. स. पूर्व 9 च्या सुमारास आशिया प्रांताच्या सभेने, सुभेदाराच्या सूचनेवरून, औगुस्ताच्या जन्मदिवसापासून, म्हणजे 23 सप्टेंबरपासून, वर्षारंभ मानण्याचे ठरविले. प्रिएने येथील शिलालेखात या ‘देवा’चा जन्म जगासाठी शुभवार्तांचा आरंभ होय, असा आशय आहे. तेथे योजलेला ग्रीक शब्द म्हणजे नव्या करारातील ‘शुभवर्तमान’ या शब्दाचेच अनेकवचन होय.

पुढे तिबिर्य कैसराच्या रौप्य नाण्यावर ‘दिव्य औगुस्ताचा पुत्र’ असा लेख आला. मार्काच्या बाराव्या अध्यायात प्रभूने मागविलेले नाणे बहुधा याच प्रकारचे असावे. प्रतिमा व लेख कोणाचा, या प्रश्नाचे गांभीर्य यावरून उमगते.

सारांश, ‘देवपुत्र’ आणि ‘शुभवर्तमान’ हे शब्द पहिल्या श्रोत्यांना अपरिचित नव्हते. त्यांवर कैसराचा ठसा आधीच उमटलेला होता. तेच शब्द वधस्तंभावर मारल्या गेलेल्या एका यहूदी मनुष्याविषयी उच्चारणे हे केवळ भक्तीचे नव्हे, तर धैर्याचेही काम होते. हे शब्द आज आपण निर्भयपणे उच्चारतो. त्यांची तेव्हाची किंमत आपल्या श्रोत्यांना सांगणे हे उपदेशकाचे कर्तव्य आहे.