परळचे गव्हर्नमेंट हाऊस : एका इंग्रजी कल्पनेचे स्थलांतर

१

इंग्रजीतील ‘कंट्री हाऊस’ या संज्ञेला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. ‘वाडा’ म्हणावे, तर वाडा हा गावाच्या मध्यभागी, कारभाराच्या जागी उभा असतो. त्याचे तोंड आतल्या चौकाकडे असते आणि बाहेरच्या जगाला तो भिंत व देवडी तेवढी दाखवितो. ‘बाग’ म्हणावे, तर पुण्याच्या हिराबागेसारख्या ठिकाणी पेशवे मेजवानीपुरते वा विसाव्यापुरते जात आणि परत वाड्यात येत. नाना फडणिसांचा मेणवलीचा वाडा इनाम गावी, कृष्णेच्या काठी आहे; त्यामुळे तो या कल्पनेच्या पुष्कळ जवळ येतो खरा. परंतु तेथेही घाट, देवळे आणि गाव ही वाड्याला लागूनच आहेत. गाव दृष्टीआड करावे, अशी इच्छा त्या रचनेत कोठेही दिसत नाही. राहिला ‘बंगला’. हा शब्द मूळचा बंगाली पद्धतीच्या, गवताने शाकारलेल्या एकमजली घराचा वाचक. इंग्रजांनी तो उचलला, आपल्या आवाराच्या मधोमध नेऊन ठेवला आणि मग साहेबाच्या घराचे नाव म्हणून तो मराठीत परतला.

प्रतिशब्दाच्या या अभावाचे कारण वस्तूच्या स्वरूपात आहे. इंग्लंडातील कंट्री हाऊस म्हणजे खेड्यातील मोठे घर एवढाच अर्थ नव्हे. ती जमीनदारी सत्तेची गादी होती. सभोवारच्या शेतांचा खंड तिला पोशीत असे. घरधनी परगण्याचा न्यायाधिकारी असे, पुष्कळदा पार्लमेंटचा सभासद असे, आणि ज्येष्ठ पुत्राकडे अखंड इस्टेट जाण्याच्या रूढीमुळे घर व घराणे ही एकच होऊन बसत. मात्र ज्या जमिनीवर हे सारे चाले, तिचे श्रम घराच्या खिडकीतून दिसू नयेत, अशी व्यवस्था अठराव्या शतकात मोठ्या कौशल्याने करण्यात आली. लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३) याने आखलेल्या उपवनांत हिरवळ थेट क्षितिजापर्यंत गेल्यासारखी भासे. गुरे आत येऊ नयेत म्हणून कुंपणाऐवजी खोल चर खणीत, आणि तो घरातून दिसत नसे. ऑक्सफर्डजवळील न्यूनहॅम कोर्टनी आणि डॉर्सेटमधील मिल्टन अ‍ॅबस येथे तर उपवनाच्या आड येणारी वस्तीच मालकांनी हलविली व दुसरीकडे नवी गावे वसविली. संपत्ती जेथे निर्माण होते त्या स्थळापासूनचे हे अंतर, हाच कंट्री हाऊसच्या मोहिनीचा गाभा होय. घनदाट झाडी, निवांतपणा, ग्रंथालय, पाहुण्यांची सरबराई ही सारी त्या अंतराची फळे होत.

मुंबई बेटावर ही कल्पना जेथे रुजविण्याचा सर्वांत दीर्घ प्रयत्न झाला, ते ठिकाण नायगावच्या दक्षिणेस, पायी अर्ध्या तासाच्या आत आहे. आज त्या वास्तूला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतात.

२

नायगाव-परळचा हा टापू इंग्रजांच्या आगमनाने वसला असे नाही. बिंब राजाच्या परंपरेत नायगावचा संबंध ‘न्यायग्राम’ या नावाशी जोडतात आणि तेथे राजाची न्यायसभा भरे असे सांगतात. शेजारच्या भोईवाड्यात त्याच्या पालखीचे भोई राहत, असेही परंपरा म्हणते. या व्युत्पत्त्या भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकोत वा न टिकोत, येथे एके काळी सत्तेचे केंद्र होते ही लोकस्मृती त्यांत साठविलेली आहे. परळ या नावाचा उगम कोणी पाडळ वृक्षात शोधतात, कोणी परळी वैजनाथाच्या नावात. त्याहून भक्कम पुरावा दगडाचा आहे. शिलाहार राजा अपरादित्य याचा इ. स. ११८७ चा शिलालेख परळ येथे मिळाला. त्याचा मुख्य भाग संस्कृत असून अखेरचे शापवचन मराठीत आहे. म्हणून मराठी भाषेच्या आरंभकालीन पुराव्यांत त्याची गणना होते. दान कोणी मोडू नये यासाठीचा शाप मात्र लोकांना कळेल अशा भाषेत हवा, हे त्या राजशासनाने ओळखले होते. १९३१ साली परळ-शिवडी दरम्यान रस्त्याचे काम चालू असता सप्तमूर्तींची प्रचंड शैव शिळा वर आली. ती सहाव्या शतकातील मानली जाते आणि बारादेवीच्या देवळात आहे.

अशा भूमीवर पोर्तुगीज अमलात जेझुइट पाद्र्यांचे चर्च व मठ उभे राहिले. १६८९-९० साली जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली, तेव्हा या पाद्र्यांनी त्याला साहाय्य केल्याचा आरोप इंग्रजांनी ठेवला आणि पुढे परळची मालमत्ता जप्त केली. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, १७१९-२० च्या सुमारास, मठाचे रूपांतर गव्हर्नरच्या गावाबाहेरील निवासात झाले. चर्चचा मुख्य मंडप मध्ये तक्तपोशी घालून दुमजली करण्यात आला. खाली भोजनगृह झाले आणि वर नृत्यशाळा. १७६४ च्या सुमारास मुंबईत असलेल्या कार्स्टेन नीबुर या प्रवाशाने या दालनांची आवर्जून नोंद केली आहे.

येथेच मूळ कल्पनेशी पहिला विसंवाद निर्माण होतो. इंग्लंडातही धर्ममठ सरकारजमा होऊन सरदारांची घरे झाली होती. आठव्या हेन्रीच्या काळातील जप्तीतून निघालेल्या अनेक कंट्री हाऊसना आजही ‘अ‍ॅबी’ हे नाव चिकटलेले आहे. तेथे मठाबरोबर मठाची जमीन नव्या घराण्याकडे गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिली. परळच्या घराला मात्र घराणे नव्हते. येणारा गव्हर्नर काही वर्षे राही आणि निघून जाई. घराचा खर्च भोवतालच्या शेतावर चालत नसून कंपनीच्या तिजोरीवर चाले. देखावा कंट्री हाऊसचा होता. पाया सरकारी कचेरीचा होता.

३

तथापि या देखाव्याला काही अर्थ नव्हता असे मानणे चूक ठरेल. विल्यम हॉर्नबी (गव्हर्नर, १७७१–१७८४) याने परळ हेच आपले मुख्य निवासस्थान केले. वरळी व महालक्ष्मी यांच्या मधल्या खिंडारातून भरतीचे पाणी बेटाच्या पोटात शिरत असे. ते रोखणारा बांध त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्या बांधामुळे हळूहळू कोरड्या होत गेलेल्या भूमीमुळे कोट सोडून भायखळा, माझगाव, परळ या बाजूंस राहणे सुकर झाले. इंग्लंडात परतल्यावर हॉर्नबीने हँपशर परगण्यात हुक येथे मोठे घर बांधले. ते मुंबईतील गव्हर्नरच्या निवासाच्या धर्तीवर होते, असे तिकडे परंपरेने सांगतात. परंपरा खरी असल्यास इंग्रजी कल्पना परळला आली आणि परळचे रूप घेऊन इंग्लंडला परतली, असे म्हणावे लागेल. हिंदुस्थानातून संपत्ती घेऊन परतलेल्यांनी घरे व जमिनी घेण्याचा तो काळच होता. वॉरन हेस्टिंग्जने डेल्सफर्डची वडिलोपार्जित इस्टेट पुन्हा मिळविली. ग्लॉस्टरशरमध्ये सेझिनकोट येथे तर मोगली घुमटाचे कंट्री हाऊस उठले.

परळच्या घराचे सर्वांत टिकाऊ कार्य मात्र वेगळेच आहे. गव्हर्नर जोनाथन डंकन याने हे घर मुंबईचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांना राहावयास दिले होते. तेथेच २६ नोव्हेंबर १८०४ रोजी लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. आजची एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई ही तिचीच वारस होय. या शहरातील पाश्चात्त्य पद्धतीच्या प्राच्यविद्येचा जन्म कोटातील कचेरीत न होता परळच्या दिवाणखान्यात झाला, हा योगायोग नव्हे. विद्येला लागणारी उसंत त्या घराने पुरविली. पण ती उसंत सर्वांसाठी नव्हती. ज्या देशाच्या भाषा व पुरातन वस्तू यांचा अभ्यास सोसायटी करू पाहत होती, त्या देशाच्या माणसाला तिचे सभासद होण्यास १८४० साल उजाडावे लागले. उपवनाभोवतीचा अदृश्य चर येथेही होताच.

पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९–१८२७) याने घराला दोन बाजूंचे पाखे जोडले. त्याच सुमारास परिसरात एतद्देशीय धनिकांच्या बागाही उभ्या होत्या. गोदीचे बांधकामतज्ज्ञ म्हणून सुरतेहून आलेल्या वाडिया घराण्याचे ‘लवजी कॅसल’ आणि ‘लालबाग’ ही त्यांतील ठळक नावे. ‘कॅसल’ हा शब्द इंग्रजी सरदाराकडून आणि ‘बाग’ हा फारसीतून. दोन्ही एकाच घराण्याच्या तोंडी नांदत होते. जमिनीच्या व्यवहारात पोर्तुगीज शब्द चालत. नारळाच्या वाडीला इंग्रज ‘ओर्त’ म्हणत, तो पोर्तुगीज ‘होर्ता’ वरून. आणि ‘फोरास’ हा जमीनधाऱ्याचा शब्द एका रस्त्याच्या नावात राहून गेला आहे. कंट्री हाऊसला इंग्लंडात जी एकसंध परिभाषा होती, ती येथे चार भाषांच्या ठिगळांनी शिवावी लागली.

४

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते अंतरच नाहीसे झाले. १८५३ साली आगगाडी सुरू झाली. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची उभारणी हाती घेतली. पुढील काही दशकांत भायखळ्यापासून दादरपर्यंत धुराडी उभी राहिली. १८७९ च्या सुमारास जी. आय. पी. रेल्वेचा मोठा कारखाना परळलाच आला. घाटावरून व कोकणातून आलेला मजूर गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात राहू लागला, आणि गव्हर्नरचे उपवन वस्तीने वेढले गेले. १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्स याचा मुक्काम या घरी पडला. तो या घराच्या वैभवाचा अखेरचा मोठा प्रसंग म्हणता येईल. १८८२ च्या जानेवारीत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत गव्हर्नरांनी परळ सोडले आणि मलबार पॉइंट हे निवासस्थान केले.

इंग्लंडातील घरे पुढे धान्याच्या घसरलेल्या किमतींनी आणि १८९४ च्या वारसाकराने खचली. परळचे घर पाणी व हवा यांनी रिकामे केले. कारणे निरनिराळी दिसतात. परंतु दोन्हीकडे ज्या आधारापासून घर दूर उभे होते, त्यानेच त्याला गाठले. इंग्लंडात जमिनीचे उत्पन्न आटले. परळला शहराचे श्रम दारात येऊन उभे राहिले.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचे निदान झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध करून वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. जागेअभावी प्रयोगशाळा दोन-तीन ठिकाणी फिरली आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या रिकाम्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये स्थिरावली. १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. पाद्र्यांची प्रार्थना, गव्हर्नरांची मेजवानी आणि लशीच्या कुप्या, असा या एका वास्तूचा प्रवास आहे. जी रोगराई टाळण्यासाठी सत्ताधारी हे घर सोडून गेले, तिच्याशीच झुंजण्याचे ते ठाणे झाले. समोरच १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय उघडले, आणि या परिसराला गिरणगावाचे रुग्णालय-क्षेत्र हे नवे रूप आले.

५

याच वर्षांत नायगावात दुसऱ्या प्रकारचे सरकारी गृहनिर्माण झाले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड याच्या काळात १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी ४२ नायगावात होत्या. सामान्यतः एका चाळीत चार मजल्यांवर ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. या योजनेसाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला होता. ज्या कापसाने गव्हर्नरच्या घराला धुराने वेढले, त्याच कापसावरील कर या खोल्यांच्या बांधणीत गेला. कंट्री हाऊसची रचना रहिवाशाला शेजार दिसू नये म्हणून केलेली असते. चाळीत शेजार टाळणेच अशक्य असते. गिरणीतला बदली कामगार, पोलीस शिपाई, दलित चळवळीचा कार्यकर्ता, गणेशोत्सवाचा मेळा यांचे सार्वजनिक जीवन त्या चाळींनी घडविले. या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले.

शब्दांचा इतिहासही हेच सांगतो. नारळी-पोफळीची ‘वाडी’ गिरगावात चाळींच्या समूहाचे नाव झाली. ‘लालबाग’ या शब्दाने आज कोणाच्याही मनात फुलझाडे उभी राहत नाहीत. गिरणी कामगारांची वस्ती आणि गणपतीचा मांडव उभा राहतो. अर्थसंकोच, अर्थविस्तार या संज्ञांनी अशा बदलाचे वर्गीकरण होईल, पण त्याचे कारण कळणार नाही. ज्यांना कुंपणाबाहेर ठेवण्यासाठी ही नावे दिली गेली, त्यांनीच ती पुढे वापरली आणि आपलीशी केली. परळच्या बाबतीत मालकीपेक्षा भाषेचा ताबा अधिक टिकाऊ ठरला.

कंट्री हाऊसची मोहिनी खोटी होती, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. झाडांची सावली खरी होती, मॅकिंटॉशच्या मंडळींची जिज्ञासाही खरी होती. पुण्यास गणेशखिंडीतील गव्हर्नरचा प्रासाद १८६४ नंतर बांधला गेला आणि स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाला मिळाला. तेथील वृक्षराजी आज हजारो विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते, हे त्या मोहिनीचे सर्वांत चांगले उत्तरचरित्र म्हटले पाहिजे. पण घराचा इतिहास घरापाशीच सुरू करण्याची सवय मात्र सोडावयास हवी. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने २०२० साली आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचे वसाहतवादाशी व गुलामगिरीशी असलेले संबंध जाहीर केले, तेव्हा तेथे मोठा वाद माजला. परळच्या संशोधकाला त्या वादात नवल वाटण्याचे कारण नाही. येथे घर, गिरणी, रुग्णालय आणि चाळ ही एकाच टापूत उभी राहिली. त्यामुळे त्यांचा परस्परसंबंध झाकणारा चर फार काळ टिकू शकला नाही. गव्हर्नमेंट हाऊसचा इतिहास लिहिणाऱ्याने म्हणूनच आपले काम नृत्यशाळेच्या दारात थांबवू नये. नायगावच्या चाळीच्या जिन्यापर्यंत ते न्यावे.