श्रावण नेमका कधी लागतो?

2025 साली शेंद्र्यात श्रावण दोनदा लागला. एकदा 11 जुलैला आणि पुन्हा 25 जुलैला. एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. यूपी-बिहारच्या पोरांनी 11 तारखेपासून अंडं बंद केलं. परभणी-जालन्याची पोरं त्यानंतर चांगली दोन आठवडे ऑम्लेट खात होती. राखी मात्र सगळ्यांनी एकाच दिवशी बांधली, 9 ऑगस्टला. मग त्यांचा सावन संपला आणि आपला श्रावण अजून पंधरा दिवस चालला. कॅन्टीनवाल्याचं काय झालं असेल, विचार करा.

यात चूक कुणाचीच नाही. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, त्याला अमान्त म्हणतात. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो, तो पौर्णिमान्त. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच, वद्य पक्षाचं वेगळं. म्हणून आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला आणि त्यांची जन्माष्टमी भाद्रपदात, पण आकाशातला चंद्र तोच आणि दिवसही तोच. नुसता लेबलचा फरक.

पण प्रत्येक वेळी लेबलवर भागत नाही. वटसावित्रीचं बघा. आपल्या बायका ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळतात, उत्तरेतल्या ज्येष्ठ अमावास्येला. 2025 मध्ये ती अमावास्या 26 मेला होती आणि आपली पौर्णिमा 10 जूनला. एखाद्या कारखान्यानं वटपौर्णिमेला लवकर घरी जायची सवलत दिली, तर गोरखपूरच्या बाईला तिचा काय उपयोग? तिनं पंधरा दिवस आधीच उपाशीपोटी पूर्ण शिफ्ट केलेली असते.

म्हणजे व्रत कोणत्या दिवशी, हे कुणीतरी ठरवावं लागतं. आणि हे ठरवण्याचं मोठं काम आपल्याच परिसरात झालंय. दौलताबादचा किल्ला सगळ्यांनी पाहिलाय, तिथल्या पायऱ्यांवर सेल्फीही काढलाय. तेच यादवांचं देवगिरी. तिथे तेराव्या शतकात हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, मंत्री होता. त्याचं नाव निघालं की आपल्याला दगडी देवळं आठवतात, पण त्याचं खरं अवाढव्य काम म्हणजे ‘चतुर्वर्गचिन्तामणि’ हा संस्कृत ग्रंथ. त्यातला व्रतखंड निव्वळ व्रतांचा आहे: कोणतं व्रत, कोणत्या तिथीला, कसं. आजच्या भाषेत डेटाबेसच.

पुढे पैठणचे रामेश्वरभट्ट काशीला गेले. त्यांच्या घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी 1612 मध्ये ‘निर्णयसिन्धु’ लिहिला. 1790 च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिन्धु’ लिहिला. देवगिरी, पैठण. मराठवाड्याला मागास म्हणणाऱ्यांना ही यादी जरूर ऐकवा.

एवढे निर्णय लागतात कशाला? कारण तिथी म्हणजे तारीख नव्हे. सूर्य-चंद्रातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी होते. चंद्राची गती कमी-जास्त होते, म्हणून तिथी साधारण 19 तासांपासून 26 तासांपर्यंत कितीही चालते. ती दुपारी सुरू होऊ शकते, पहाटे संपू शकते. मग उपास कोणत्या दिवशी धरायचा? काही व्रतांना सूर्योदयाची तिथी घेतात, गणेश चतुर्थीला मध्यान्हाची, शिवरात्रीला मध्यरात्रीची. कॅलेंडरवर कधीकधी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ‘भागवत एकादशी’ छापलेली असते, तीही याच भानगडीतून आलेली.

आता गणिताकडे. आपले पंचांगकर्ते शतकानुशतकं गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावर पंचांगं करत होते. ग्रंथ 1520 चा. सोपा, सुटसुटीत, पण तीनशे वर्षं पॅच न केलेला कोड. पंचांगातली ग्रहणाची वेळ आणि आकाशातलं ग्रहण जुळेना. 1865 मध्ये केरूनाना छत्र्यांनी आधुनिक वेधांवर आधारलेलं पटवर्धनी पंचांग सुरू केलं. गणित सुधारलं, पण वेगळाच वाद उभा राहिला: राशिचक्राचा शून्य बिंदू कुठे धरायचा? छत्र्यांनी रेवतीतला झीटा हा तारा घेतला. व्यंकटेश बापूजी केतकरांसारख्यांनी चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू धरला. दोन्हींत फरक साधारण 4 अंशांचा. लोकमान्य टिळक झीटाच्या बाजूचे. 1904 ला मुंबईत पंचांगावर परिषदही झाली, तरी वाद मिटला नाही.

4 अंश म्हणजे सूर्याचे चार दिवस. त्यानं काय बिघडतं? बरंच. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक महिना. संक्रांत चार दिवस अलीकडे आली की अधिक महिनाच दुसरीकडे सरकतो. 2023 मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण होता आणि गणपती 19 सप्टेंबरला बसले. टिळक पंचांग पाळणाऱ्या कोकणातल्या आणि पुण्यातल्या घरांत मात्र ते 20 ऑगस्टलाच बसले. विसर्जनही झालं, तेव्हा बाकी महाराष्ट्रात मंडपाचे खांब उभे राहायचे होते. मला या घरांचं कौतुक वाटतं. सगळं गाव गप्प असताना आपल्या घरात आरती म्हणायची, तीही एका ताऱ्यावरच्या मतभेदाखातर!

स्वातंत्र्यानंतर सरकारनं हा गुंता सोडवायचं मनावर घेतलं. 1952 मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्यात नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे मराठी सदस्य होते. देशात तेव्हा तीसेक वेगवेगळ्या कालगणना चालू होत्या. समितीनं धार्मिक पंचांगासाठी चित्रेच्या बाजूनं कौल दिला. सरकारी कामासाठी सूर्यावर चालणारं राष्ट्रीय कॅलेंडर सुचवलं, आणि 22 मार्च 1957 ला 1 चैत्र 1879 उजाडला.

सूर्याचे महिने आपल्याला विचित्र वाटतात, पण आसामात ते रोजच्या वापरातले आहेत. तिथला बोहाग एप्रिलच्या मध्यात संक्रांतीला लागतो आणि रंगाली बिहूनं वर्ष सुरू होतं. माघ बिहू आपल्या मकरसंक्रांतीच्या सुमारास येतो. जन्माष्टमी, शिवरात्र मात्र तेही तिथीवरच करतात. म्हणजे शेतीचे सण सूर्यावर, उपास चंद्रावर. मला ही वाटणी आपल्यापेक्षा स्वच्छ वाटते. आपण सगळं चंद्रावर टाकतो आणि संक्रांत तेवढी 14 जानेवारीला का येते, म्हणून मुलं विचारतात.

राष्ट्रीय कॅलेंडर राजपत्रावर छापलं जातं, आकाशवाणीवर ऐकू येतं, पण त्यावरून कुणी चतुर्थीचा उपास धरलेला मी तरी पाहिला नाही. आपल्या भिंतीवर टिकलं ते जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये काढलेलं कालनिर्णय. नाव बघा: काळाचा निर्णय. हेमाद्रीचंच काम, फक्त मागच्या पानावर रेसिपी आणि लोकलचं टाइमटेबल.

तुमच्या घरी टिळक पंचांग चालत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. 2023 च्या ऑगस्टमध्ये मूर्ती कुठून आणलीत, कामावर सुट्टी काय सांगून घेतलीत, हे मला खरंच ऐकायचंय.