दुरून वाचलेला फोटो

आपल्याकडे खेड्यापाड्यांत एक्स-रेला 'फोटो' म्हणतात. "डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय," असे कोणी म्हणाले की शहरातल्या माणसाला हसू येते. पण त्या शब्दात तशी चूक काही नाही. तो फोटोच असतो. उजेडाऐवजी क्ष-किरणांनी काढलेला, इतकेच. चूक होते ती पुढे. फोटो निघाला म्हणजे काम झाले, असे आपण समजतो आणि पुष्कळदा सरकारही तसेच समजते. यंत्र येते, खोली बांधली जाते, दाराला शिशाचा पत्रा लागतो, तंत्रज्ञ नेमला जातो, उद्घाटनाचा नारळ फुटतो. आणि फोटो वाचायचा कोणी?

'वाचायचा' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना तो लगेच पटेल. अक्षरओळख नसलेल्या मुलापुढे पुस्तक उघडून ठेवले तर त्याला पान दिसते, मजकूर दिसत नाही. छातीच्या फोटोचे तसेच आहे. पुढच्या बरगड्या, पाठीमागच्या बरगड्या, हृदय, फुप्फुसे, रक्तवाहिन्या यांच्या सावल्या एकावर एक पडलेल्या असतात. हाड सरळ मोडलेले असले तर तुम्हाआम्हालाही दिसेल. पण फुप्फुसाच्या शेंड्याला, गळपट्टीच्या हाडाआड लपलेला क्षयाचा पुसट डाग ओळखायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. तो सराव असलेला डॉक्टर म्हणजे क्ष-किरणतज्ज्ञ, आणि ही माणसे बहुतेक शहरांत राहतात. दवाखाना डोंगरात, तज्ज्ञ शहरात. या दोघांची गाठ कशी घालायची, त्याची ही हकिकत आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग शहरात प्राध्यापक रॉन्टगेन यांना हे किरण सापडले. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात बोटांची हाडे दिसत होती आणि अंगठीही. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही, म्हणून यंत्रे झपाट्याने जगभर पसरली. यंत्र पसरणे सोपे, वाचणारा डोळा पसरणे कठीण. तिथेच घोडे अडले.

पन्नास वर्षे उपाय एकच होता. फोटो पाकिटात घालून पोस्टाने किंवा गाडीने पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. तोवर रोगी एक तर बरा होई, नाही तर…

१९४८ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात डॉ. जेकब गर्शन-कोहेन यांनी वेगळी वाट धरली. त्या काळी वर्तमानपत्रे दूरच्या गावची छायाचित्रे तारेने मागवीत. छायाचित्र एका फिरत्या नळकांड्यावर गुंडाळायचे आणि त्यावर प्रकाशाचा बारीक ठिपका ओळीओळीने फिरवायचा. काळ्यावर एक सूर, पांढऱ्यावर दुसरा, असा तो टेलिफोनच्या तारेतून जातो. पलीकडे तशाच नळकांड्यावर त्या सुरांचे पुन्हा चित्र होते. गर्शन-कोहेन यांनी हीच युक्ती क्ष-किरण फोटोला लावली. वेस्ट चेस्टर या लहान गावचे फोटो सुमारे पंचवीस मैलांवरच्या फिलाडेल्फियात तारेने येऊ लागले. १९५० साली त्यांनी या प्रयोगाची हकिकत शास्त्रीय मासिकात छापली आणि त्याला 'टेलॉग्नोसिस' असे नावही दिले. आपण 'दूरनिदान' म्हणू या. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात आल्बेर ज्युत्रा यांनी दोन रुग्णालये केबलने जोडून चित्रे पाठवली.

तिसरा प्रयोग बॉस्टन शहरातला, आणि तो मला विशेष आवडतो. कारण तिथले अंतर पुरते तीन मैलही नव्हते. शहरातले मोठे रुग्णालय एका तीराला, विमानतळ खाडीच्या पलीकडे, मध्ये वाहनांची ही दाटी. विमानतळावर दवाखाना होता, परिचारिका होत्या, डॉक्टर वेळेवर पोहोचत नव्हता. १९६८ मध्ये डॉ. केनेथ बर्ड यांनी दोन्ही टोके सूक्ष्मलहरींच्या दूरचित्रवाणीने जोडली. परिचारिका रोग्याजवळ, डॉक्टर पडद्यापुढे. छातीचे फोटोही कॅमेऱ्यापुढे धरून दाखवले जात, आणि असे वाचलेले फोटो कितपत बरोबर ठरतात याची तपासणीही त्यांच्या मंडळींनी केली. दुर्गमपणा नुसता मैलांत मोजायचा नसतो, हे बॉस्टनसारख्या श्रीमंत शहरात कळावे, याची गंमत वाटते. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडचे गाव किती लांब जाते, हे तुम्हाला मी काय सांगावे!

तरी हे सारे प्रयोगच राहिले. तारेतून गेलेला फोटो अंधूक होई, आणि बारीक खूण हरवली की निदानच हरवले. खरा पालट झाला तो फोटोचे आकडे झाल्यावर. १९७१ मध्ये इंग्लंडात हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र काढले. ते चित्र मुळात आकड्यांचेच होते, आणि आकडे कितीही दूर पाठवले तरी झिजत नाहीत. १९८३ पासून अमेरिकेतले क्ष-किरणतज्ज्ञ आणि यंत्रे बनवणारे एकत्र बसले आणि १९९३ साली 'डायकॉम' नावाचा सर्वमान्य नमुना ठरला. चित्राबरोबर रोग्याचे नाव, तारीख, यंत्राची माहिती एकाच बांधणीत जाते आणि कोणत्याही कंपनीचे यंत्र ते उघडू शकते. सगळ्यांनी एकाच लिपीत लिहायचे ठरवावे, तसे झाले.

पण तार बारीक होती. गणिताच्या तासाला मुलांना हे उदाहरण घालून पाहा. छातीच्या एका फोटोचे सुमारे आठ कोटी बिट होतात, आणि जुना मोडेम सेकंदाला ९६०० बिट पाठवी. तर वेळ किती? सव्वादोन तासांहून अधिक! म्हणून चित्र दाबून लहान करण्याच्या युक्त्या निघाल्या, उपग्रह आले आणि शेवटी रुंद तारा आल्या.

आपल्या देशात मार्च २००० मध्ये आंध्रातल्या अरगोंडा या खेड्यातले रुग्णालय उपग्रहाने शहरातल्या तज्ज्ञांशी जोडले गेले. त्या दशकात इस्रोच्या मदतीने मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी सिंधुदुर्ग आणि नंदुरबार यांसारखी जिल्हा रुग्णालयेही जोडली गेली. आणखी एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. २००२ साली बंगळूरला डॉ. अर्जुन कल्याणपूर यांनी एक संस्था काढली. न्यूयॉर्कला हिवाळ्यात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेदहा झालेले असतात. तिथे अपघाताचा रोगी आला की त्याचा स्कॅन बंगळूरला ताजातवाना डॉक्टर वाचतो. म्हणजे आपल्या डॉक्टरांनी अमेरिकेची रात्र आधी सांभाळली, आणि आपल्या तालुक्यांची पाळी मागाहून आली! पण त्या कामातून जी शिस्त बसली, ती पुढे इथेही उपयोगी पडली. अरुणाचलात इटानगरच्या रामकृष्ण मिशन रुग्णालयाचे फोटो याच संस्थेने दुरून वाचून दिले. २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाने मोफत निदान सेवेची सूत्रे जाहीर केली, त्यांत दुरून फोटो वाचण्याची सोय घातली आहे.

आता याचे मोल कुठे कळते ते पाहा. समजा, रात्री मोटारसायकलवरून पडलेला तरुण रुग्णालयात आणला. शुद्धीवर आहे, बोलतो आहे. पण कवटीच्या आत रक्त साकळत असेल तर काही तासांत तो हातचा जाईल. स्कॅन काढला, तज्ज्ञाने दुरून वाचला आणि अर्ध्या तासात कळले, की लगेच मोठ्या रुग्णालयात हलवा किंवा इथेच ठेवला तरी चालेल. दुसरे उत्तरही पहिल्याइतकेच मोलाचे बरं का! घरच्यांचा गाडीखर्च, बुडालेली मजुरी, रात्रीचा घाट, सगळे वाचते.

मात्र दुरून सगळेच होते, असे नाही. साधी सोनोग्राफी घ्या. तिथे चित्र निघते ते हात फिरवणाऱ्याच्या कसबातून. हात चुकीच्या जागी फिरला तर दूरचा डॉक्टर तरी काय वाचणार? शिवाय दूरचा डॉक्टर तुमची नाडी पाहत नाही, खोकला ऐकत नाही. फोटोसोबतच्या चिठ्ठीत जे लिहिले असेल तेवढेच त्याला कळते. 'छातीचा फोटो' एवढेच लिहिले तर तो सगळीकडे शोधील. 'दोन महिने खोकला, वजन उतरले, घरात पूर्वी क्षय होता' असे लिहिले तर नजर नेमकी शेंड्यावर जाईल. आणि अहवाल आला, पण इथे औषध द्यायला कोणी नाही, टाका घालायला कोणी नाही, तर तो कागदच राहतो. शहरातला डोळा मिळाला म्हणून गावातल्या डॉक्टरची जागा रिकामी ठेवायला सबब सापडली, असे होता कामा नये. ही भीती मला खरी वाटते.

पुढच्या वेळी तुमच्या घरातल्या कोणाला फोटोसाठी न्याल तेव्हा दुखणे कधीपासून, कुठल्या अंगाला, आधी काय झाले होते, हे तंत्रज्ञाला सांगून लिहून घ्यायला लावा. आणि पेटीत जुना फोटो असेल तर तोही बरोबर न्या. डाग नवा की दहा वर्षांपूर्वीचा, हे दोन्ही फोटो शेजारी ठेवले की पुष्कळदा पाहताक्षणी कळते.