क्षयाची शुश्रूषा घरी आली तेव्हा

क्षयाचे नाव पूर्वी घरात कोणी मोठ्याने घेत नसे. मुलींची लग्ने अडतील ही धास्ती! ऐपत असलेला रोगी मिरजेसारख्या ठिकाणी सॅनिटोरियमात जाई. मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी, एवढाच उपचार. गरिबाला पडवीत वेगळे ताट-तांब्या. दुखणेकरी बाई असली तर तिचे मूल तिच्याजवळ फिरकू देत नसत.

स्ट्रेप्टोमायसीन १९४३ साली सापडले. १९५२ पासून आयसोनियाझिडची स्वस्त गोळी मिळू लागली. पण रोगी लाखांनी आणि इस्पितळातल्या खाटा हजारांनी, तेव्हा करावे काय? औषध घरी दिले तर गुण येईल का, आणि घरातल्या पोराबाळांना रोग लागेल का?

याचा छडा लावण्यासाठी १९५६ साली मद्रासेत, म्हणजे आताच्या चेन्नईत, एक केंद्र निघाले. भारत व मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश संशोधक यांनी मिळून ते चालविले. प्रमुख डॉ. वॉलेस फॉक्स. १९३ रोगी घेतले. त्यांतले निम्मे सॅनिटोरियमात, निम्मे आपापल्या घरी. ही घरे म्हणजे दाटीवाटीच्या गरीब वस्तीतली! औषध दोघांनाही तेच, वर्षभर.

आयसोनियाझिडच्या जोडीला पी. ए. एस. असे. ते रोज कित्येक ग्रॅम घ्यावे लागे आणि पोटात ढवळून येई. थोडे बरे वाटताच रोगी औषध टाळणार, हे कोणत्याही गृहिणीला सांगायला नको. म्हणून आरोग्यसेविका अवचित घरी येत, गोळ्या मोजून पाहत, लघवी तपासायला नेत. ही पाळत नसती तर सारा प्रयोग फुकट गेला असता असे मला वाटते.

१९५९ साली निष्कर्ष छापून आले. सॅनिटोरियमातल्यांचे वजन अधिक वाढले होते, पण रोग हटण्यात दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. आणि मुख्य गोष्ट ही, की घरी औषध घेणाऱ्यांच्या माणसांना सॅनिटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झाली नाही. औषध सुरू होण्यापूर्वीच जी काय लागण व्हायची ती झालेली असे. पुढे पाच वर्षे मागोवा ठेवला, तेव्हाही हेच दिसले. आईला लेकरापासून तोडण्याचे कारणच उरले नाही. जगभरची सॅनिटोरियमे हळूहळू बंद पडली, त्यात या प्रयोगाचाही वाटा आहे.

अहवालात रोगी मोजले आहेत. वेळेवर गोळी हातावर ठेवणारी, थुंकीचे भांडे साफ करणारी, ती मात्र कोणी मोजलेली नाही.

आहाराचे काय? मद्रासच्या निकालावरून पुष्कळांनी समजूत करून घेतली की औषध असले म्हणजे खाण्याचे एवढे महत्त्व नाही. मला हे कधी पटले नव्हते. २०२३ साली झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात शिधा सर्वच रोग्यांना दिला, पण काही घरांत रोग्याबरोबर घरच्या माणसांनाही तांदूळ-डाळ दिली. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाले.

सरकार २०१८ पासून उपचार चालू असलेल्या रोग्याला पोषणासाठी महिना ५०० रुपये देऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पैसे रोग्याच्या खात्यात येतात. आपल्या आळीत कोणाचा उपचार चालू असेल, तर ते मिळतात की नाही हे विचारावे, आणि त्या घरची मुले काय जेवतात तेही.